करवानीचा पाय आणि रक्ताची साक्ष

नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षांत भरते. घोडे, उंट, गाढवें, बैल यांचा तेथील बाजार दूरवर गाजलेला आहे. पण त्याच यात्रेंत कुत्र्यांचेंही प्रदर्शन भरतें, ही गोष्ट शहरांतील मंडळींस सहसा ठाऊक नसते. वस्तुतः त्यांत नवल करण्यासारखें कांहीं नाहीं. खंडोबाच्या पायाशीं कुत्रा असतो, आणि त्याचे वाघे स्वतःस देवाचे कुत्रे म्हणवून घेण्यांत भूषण मानतात. ज्या देवाच्या दारीं कुत्र्यास मान, त्याच्या यात्रेंत कुत्र्याची पारख व्हावी हें ओघानेंच आलें.

या मुलुखांत जाणत्यांची दृष्टि ज्याच्याकडे आधीं जाते तो कुत्रा म्हणजे करवानी. अरुंद व लांबट तोंड, खोल छाती, आंत ओढलेलें पोट, तुळतुळीत कातडी आणि अंगाच्या मानानें लांबलचक पाय, अशी त्याची ठेवण असते. कानांवर व शेपटीवर केसांची झालर असली कीं त्यास पश्मी म्हणतात. लातूर जिल्ह्याच्या चाकूर तालुक्यांत जानवळ नांवाचें गांव आहे. या कुत्र्यांच्या पैदाशीसाठीं तें प्रसिद्ध आहे. मध्य व पश्चिम आशियांतून व्यापाऱ्यांच्या कारवानांबरोबर हीं कुत्रीं दक्षिणेंत उतरलीं अशी परंपरा आहे, आणि नांवांतही तीच आठवण राहिलेली दिसते. तिकडे कर्नाटकांत मुधोळच्या घोरपडे राजांनीं या कुत्र्यांचा सांभाळ केला, म्हणून त्या बाजूस त्यांना मुधोळ म्हणतात; भारताच्या टपालखात्यानें २००५ सालीं काढलेल्या तिकिटावर हेंच दुसरें नांव आहे. नांवाचा हा वाद कुत्रें पाळणाऱ्यांच्या मंडळांतून अद्याप मिटलेला नाहीं, व तो येथें मिटविण्याचें कारणही नाहीं.

असल्या प्राण्याचें सारें भांडवल त्याच्या पायांत. एके काळीं सशामागें सोडण्यासाठीं हीं कुत्रीं पाळीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती शिकार गुन्हा ठरली, आणि शेताची व आखाड्याची राखण हें त्यांचें मुख्य काम उरलें. पण काम कोणतेंही असो, धांवतां न येणारा करवानी ही कल्पनाच मालकास सोसत नाहीं. म्हणूनच लांब पायांच्या मोठ्या कुत्र्यांस होणारा जो हाडाचा कर्करोग, त्याचा विचार या मुलुखाच्या संदर्भांत करण्यासारखा आहे. त्या रोगांत कुत्र्याचा पाय जातो, बहुधा प्राणही जातो. आणि किती काळांत जाणार याची थोडीफार वर्दी रक्तांतील एक आंकडा आधीं देऊन ठेवतो. तो आंकडा कसा सांपडला, त्यावर विश्वास कोठवर ठेवावा, आणि करवानीच्या बाबतींत तो वाचतांना कोणती चूक संभवते, एवढाच येथील विषय.

मराठवाड्याच्या शेतकऱ्यास जनावराचा कर्करोग अगदींच अपरिचित नाहीं. नांदेडकडील लाल कंधारी आणि लातूरकडील देवणी या दोन्ही गोवंशांचा लौकिक मोठा; आणि बैलाच्या शिंगाचा कर्करोग हा भारतांतील गुरांचा जुना वैरी. बैल डोकें एका अंगास कलतें धरतो, मान झटकतो, शिंग खांबावर घासतो, एका नाकपुडींतून रक्त येतें, आणि शेवटीं शिंग सैल होऊन लोंबूं लागतें. शिंग डोळ्यांसमोर असतें, त्यामुळें रोग दिसून येतो. कुत्र्याच्या हाडांत मात्र हा शत्रु मांसाच्या व कातडीच्या आड वाढतो. कुत्रा एका पायानें किंचित् लंगडूं लागतो. मुरगळला असेल, कांटा भरला असेल, असें घरांत म्हणतात. कोणी हळद-तेलाचा लेप देतो, कोणी शेक. चार दिवस बरें वाटतें, पुन्हा लंगडणें सुरू होतें, आणि कांहीं आठवड्यांनीं हाडाच्या टोकाशीं टणक सूज हातास लागते. क्वचित् अशा पोखरलेल्या हाडावर सहज उडी मारण्याचा भार पडतो व तें मोडतें, तेव्हां रोगाचा पत्ता लागतो.

या अर्बुदास वैद्यकांत ऑस्टिओसार्कोमा म्हणतात. हाड बांधणाऱ्या पेशींच्या कुळांतच तें उपजतें, आणि बिघडलेल्या त्या पेशी आपला कुलधर्म सोडीत नाहींत. हाड बांधण्याचें काम त्या करीत राहतात, पण वेडेंवांकडें, ठिसूळ आणि जेथें नको तेथें. पुढच्या पायांत खांद्याजवळ व मनगटाजवळ, मागच्या पायांत गुडघ्याच्या आसपास, अशा या रोगाच्या ठरलेल्या जागा आहेत. पशुवैद्य विद्यार्थ्यांकडून हेंच सूत्ररूपानें पाठ करून घेतात: कोपरापासून दूर, गुडघ्याच्या जवळ. बहुतेक कुत्र्यांस तो उतारवयांत, सातव्या ते दहाव्या वर्षांत गांठतो. थोड्यांस मात्र ऐन दुसऱ्या वर्षींच. १९६६ सालीं टजाल्मा या अमेरिकन शास्त्रज्ञानें कुत्र्याचें शरीर जितकें मोठें तितका धोका अधिक हें आंकडेवारीनें मांडलें, आणि पुढील अनुभवानें तें खरें ठरलें. घरांत मांडीवर खेळणाऱ्या लहान कुत्र्यास हा रोग विरळा. गाडीएवढ्या उंचीच्या आयरिश वुल्फहाउंडास तो नित्याचा.

रंटजेननें १८९५ सालीं क्ष-किरण शोधून काढले, तेव्हांपासून हाडाच्या आंत डोकावण्याची सोय झाली. बोस्टनचे शल्यवैद्य अर्नेस्ट कॉडमन यांनीं १९२० च्या सुमारास माणसांच्या अस्थि-अर्बुदांची एक नोंदवही सुरू केली. निरनिराळ्या रुग्णालयांतील रोग्यांचीं चित्रें, सूक्ष्मदर्शकाखालील काचपट्ट्या आणि शेवटीं त्या रोग्याचें काय झालें याची हकीकत, हें सर्व एके ठिकाणीं जमविण्याची ही कल्पना त्या काळांत अपूर्व होती. अर्बुदाच्या रेट्यानें हाडावरील आवरण उचललें जाऊन क्ष-किरणचित्रांत जो लहानसा त्रिकोण दिसतो त्यास अद्याप कॉडमनचा त्रिकोण म्हणतात, आणि तो माणसाच्या चित्रांत दिसतो तसाच कुत्र्याच्याही दिसतो. परंतु चित्र रोगाची जागा दाखवितें. त्याचा जोर दाखवीत नाहीं. जोर जाणण्यासाठीं रक्ताकडे वळावें लागलें, आणि ती वाट भलत्याच दिशेनें सांपडली.

लंडनच्या लिस्टर संस्थेंत रॉबर्ट रॉबिसन हे रसायनज्ञ साखर व फॉस्फरस यांच्या संयुगांचा अभ्यास करीत होते. कर्करोगाचा त्या कामाशीं कांहींएक संबंध नव्हता. १९२३ सालीं त्यांनीं दाखवून दिलें कीं, कोंवळ्या उंदरांच्या व सशांच्या वाढत्या हाडांत असा एक एन्झाइम असतो कीं जो या संयुगांतून फॉस्फेट मोकळें करतो. हाडांत चुना बसतो तो याच्या साह्यानें बसत असावा, असा त्यांचा तर्क होता. हाच तो फॉस्फेटेज. अल्कधर्मी द्रवांत त्याचें काम उत्तम चालतें म्हणून त्याला पुढें अल्कलाइन फॉस्फेटेज हें नांव मिळालें. (रॉबिसन लंडनमध्यें हें लिहीत होते तेव्हां नांदेड निजामाच्या राज्यांत होतें आणि लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यांतील एक तालुका होता.) हाड बांधणाऱ्या पेशींच्या बाहेरच्या आवरणावर हा एन्झाइम भरपूर असतो. तो तेथून थोडा थोडा सुटून रक्तांत उतरतो. जेथें हाड बांधण्याची घाई चालली असेल, मग ती वाढत्या पिल्लाची असो कीं अर्बुदाची, तेथें रक्तांतील त्याचें प्रमाण चढतें. सारें मर्म एवढेंच आहे.

पण रक्तांत असणें आणि तें मोजतां येणें यांत मोठें अंतर असतें. एन्झाइम स्वतः दिसत नाहीं. त्यानें मोकळें केलेलें फॉस्फेट मोजावें लागतें, आणि रक्ताच्या चमचाभर रसांत तें अत्यल्प असतें. येथें एका भारतीयाचें नांव आदरानें घेणें प्राप्त आहे. यल्लप्रगड सुब्बाराव यांचा जन्म १८९५ सालीं भीमावरम् येथें झाला. जी गोदावरी नांदेडवरून वाहत जाते तिच्याच मुखाकडील हा प्रदेश. हार्वर्ड येथें सायरस फिस्के यांच्याबरोबर काम करीत असतां १९२५ सालीं त्यांनीं फॉस्फरस मोजण्याची रंगपद्धति प्रसिद्ध केली. द्रव निळा होतो. निळाई जितकी गडद तितकें फॉस्फेट अधिक. ही पद्धति इतकी सोपी व भरंवशाची ठरली कीं पिढ्यान् पिढ्या जगांतील प्रयोगशाळांतून फिस्के-सुब्बाराव हें जोडनांव रोजच्या बोलण्यांत राहिलें. सुब्बाराव १९४८ सालीं न्यूयॉर्क येथें वारले. पुढें १९४६ सालीं बेसी, लॉरी व ब्रॉक यांनीं पिंवळा रंग सोडणारें एक रसायन वापरून अगदीं थेंबभर रक्तरसांत हीच मोजणी करून दाखविली. तालुक्याच्या गांवीं आज यंत्रांत जी चांचणी होते ती त्याच पिंवळ्या रंगाच्या वंशांतील आहे.

मोजमाप हातीं येतांच तें रोग्यांवर वापरलें गेलें. १९२९-३० च्या सुमारास के या इंग्रज शास्त्रज्ञानें अस्थिरोगांत रक्तांतील फॉस्फेटेज वाढतो हें नोंदविलें. १९३५ सालीं फ्रान्सीन व मॅक्लीन या अमेरिकन वैद्यांनीं हाडाच्या अर्बुदांकडे तेंच माप लावलें, आणि हाड बनविणाऱ्या सार्कोमाच्या गांठींत व रोग्याच्या रक्तांत हा एन्झाइम वाढलेला आढळतो हें सिद्ध केलें. आंकडा होता, रोग होता. पण हे सारे रोगी मनुष्यप्राणी होते. कुत्र्याची पाळी यावयास आणखी साठ वर्षें जावीं लागलीं, हें जरा चमत्कारिक वाटतें.

त्याचें कारण मुंबईच्या परळ भागांत उभें राहिलें असतां समजण्यासारखें आहे. परळास १८८६ सालीं जॉन हेन्री स्टील यांच्या पुढाकारानें मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालें. त्याच परळांत १९४१ च्या फेब्रुवारींत टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, आणि वसंत रामजी खानोलकर यांच्यासारखा विकृतिशास्त्रज्ञ तेथील प्रयोगशाळेस लाभला. पायीं जातां येईल इतक्या अंतरावर एका घरीं माणसाचीं अर्बुदें कांचेखालीं तपासलीं जात होतीं व दुसऱ्या घरीं जनावरांचीं दुखणीं. दोन्ही घरांचा शेजार असूनही विद्यांचा शेजार झाला नाहीं. आणि ही स्थिति एकट्या मुंबईची नव्हती, लंडन-न्यूयॉर्कचीही तीच होती. खानोलकरांच्या शिष्या कमल रणदिवे यांनीं मात्र उंदरांत निपजणाऱ्या कर्करोगावर जन्मभर काम केलें व मुंबईस पेशी कांचपात्रांत वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली. प्राण्याच्या अर्बुदांतून माणसाचें अर्बुद समजून घेण्याची दृष्टि महाराष्ट्रांत आली ती अशा वाटेनें. पण प्रयोगशाळेंतील उंदरास रोग बहुधा मुद्दाम जडवावा लागतो. घरच्या कुत्र्यास तो आपोआप होतो, त्याच हवेंत व त्याच अंगणांत. हा भेद फार महत्त्वाचा आहे.

तो ज्यांनीं नीट ओळखला त्यांत फिलाडेल्फियाचे पशुवैद्य रॉबर्ट ब्रोडी हे अग्रणी. १९६९ सालीं त्यांनीं रायझर यांच्यासह १९४ कुत्र्यांच्या अस्थि-सार्कोमाचा आढावा घेतला. मुलांच्या व कुमारांच्या हाडांत होणारा रोग आणि कुत्र्यांचा रोग हे जणूं एकाच मूसेंतून निघालेले आहेत हें त्यावरून उघड झालें: त्याच लांब हाडांचीं टोकें, सूक्ष्मदर्शकाखालीं तेंच रूप, आणि फुप्फुसांकडे धांव घेण्याची तीच खोड. अमेरिकेंत वर्षाकांठीं माणसांत हा रोग हजाराच्या आसपास आढळतो. कुत्र्यांत दहा हजारांहून अधिक. माणसांत जें समजण्यास पिढी लागते तें कुत्र्यांत दोन-तीन वर्षांत समजतें, कारण कुत्र्याचें आयुष्यच थोडें. १९७६ सालीं ब्रोडी व ॲब्ट यांनीं पाय कापून टाकलेल्या ६५ कुत्र्यांची हकीकत दिली. शेंकडा दहांच्या आसपासच वर्षभर जगलीं. पाय गेला आणि रोग राहिला.

असें कां व्हावें याचें उत्तर अर्बुदाच्या जीवनक्रमांत आहे. पायांत गांठ दिसते त्या दिवशीं शेंकडा नव्वद कुत्र्यांच्या अंगांत तिचीं बीजें आधींच रक्तावाटे पसरलेलीं असतात. फुप्फुसांच्या क्ष-किरणचित्रांत मात्र तीं दहांतील एखाद्यासच दिसतात. पेशीच्या केंद्रांतील गुणसूत्रांची मोडतोड व भलतीच जुळणी हा या रोगाचा स्वभाव आहे, आणि पेशीस वेळीं थांबविणारा पी-५३ नांवाचा जो पहारेकरी, तो पुष्कळ रोग्यांत निकामी झालेला आढळतो. २००४ सालीं चंद खन्ना व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एझ्रिन नांवाच्या एका प्रथिनाचा फुप्फुसांकडील प्रवासाशीं संबंध दाखविला, आणि त्यासाठीं उंदीर, कुत्रे व मुलें या तिघांच्या अर्बुदांचा आधार घेतला. २००५ सालीं कुत्र्याचा संपूर्ण जनुकपाठ प्रसिद्ध झाला. त्याच्या साह्यानें २०१३ सालीं ग्रेहाउंड, रॉटवायलर व आयरिश वुल्फहाउंड या तीन जातींत मिळून आनुवंशिक धोक्याच्या ३३ जागा शोधण्यांत आल्या. धोका मोठ्या प्रमाणावर वंशांतून उतरतो, परंतु एका जातीचा धोका दुसरीच्या जागेवर सांपडत नाहीं.

आंकड्याकडे परत यावयाचें तें येथून. १९९८ सालीं निकोल एऱ्हार्ट व सहकाऱ्यांनीं पायाच्या हाडाचा कर्करोग झालेल्या ७५ कुत्र्यांचे रक्ताचे आंकडे त्यांच्या आयुष्याशीं ताडून पाहिले. शस्त्रक्रियेपूर्वीं ज्यांचा अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेला होता तीं कुत्रीं लौकर गेलीं. आणि गांठ काढल्यावरही ज्यांचा आंकडा खालीं उतरला नाहीं त्यांचीही तीच गति झाली. दुसऱ्या गोष्टीचा अर्थ लावणें कठीण नाहीं. कारखाना काढून टाकला तरी माल बाजारांत येतच आहे, तेव्हां दुसरीकडे कोठें तरी कारखाना चालू असलाच पाहिजे. २००० सालीं गार्झोटो व सहकाऱ्यांनीं स्वतंत्रपणें असाच निष्कर्ष काढला, आणि २०१२ सालीं अनेक अभ्यासांचे आंकडे एकत्र करून केलेल्या छाननींतही तो टिकला. त्याच छाननींत खांद्याजवळच्या हाडांतील गांठ अधिक घातक हेंही स्पष्ट झालें. २०१० सालीं आणखी एक निरीक्षण पुढें आलें: उपचारापूर्वीं रक्तांत मोनोसाइट व लिम्फोसाइट या श्वेतपेशी अधिक असलेल्या कुत्र्यांत रोग लौकर उलटतो.

घरच्या माणसांस यांतून काय मिळतें? पशुवैद्याने पाय काढावा लागेल असें सांगितलें कीं घरांत जो विचार सुरू होतो त्यांत मुख्य प्रश्न एकच असतो: एवढें करून कुत्रा किती जगेल? नुसता पाय काढला तर साधारण चार-पांच महिने. त्यावर कर्करोगाचीं औषधें शिरेंतून दिलीं तर दहा ते बारा. आणि पांचांतील एखादा दोन वर्षें पाहतो. पाय काढण्याचा हेतु बव्हंशीं वेदना थांबविण्याचा असतो, व कुत्रा तीन पायांवर आश्चर्य वाटावें इतक्या लौकर चालूं-धांवूं लागतो. मालकाच्या मनास मात्र तें स्वीकारण्यास जास्त दिवस लागतात. खर्च मोठा, औषधोपचाराची सोय मोठ्या शहरांत. अशा वेळीं रक्तांतील आंकडा वाढलेला नाहीं हें कळणें म्हणजे थोडा अधिक वेळ मिळण्याची आशा; वाढलेला आहे हें कळणें म्हणजे त्या निर्णयाचें ओझें बदलणें. रोग आहे कीं नाहीं हें तो आंकडा सांगत नाहीं. तें हाडाच्या तुकड्यावरून सूक्ष्मदर्शकच सांगतो. कित्येक कुत्र्यांत रोग असूनही आंकडा सरळ असतो.

आणि हा साक्षीदार खोटी साक्षही देतो. अल्कलाइन फॉस्फेटेज एकट्या हाडांतून येत नाहीं. यकृतांतूनही येतो, आणि यकृत बिघडलें कीं चढतो. पिल्लांत तो वाढीमुळें नैसर्गिकपणेंच अधिक असतो. अपस्माराच्या कांहीं औषधांनीं तो वाढतो. यांहून विलक्षण गोष्ट अशी कीं, स्टिरॉइड औषध दिलें असतां कुत्र्याच्या यकृतांत या एन्झाइमचा एक निराळाच प्रकार निर्माण होतो, आणि तो कुत्र्यावांचून दुसऱ्या प्राण्यांत आढळत नाहीं. आतां लंगडणाऱ्या कुत्र्याचा नेहमींचा प्रवास डोळ्यांसमोर आणावा. प्रथम घरचा लेप. मग जवळच्या कोणाकडून सुजेवर एक सुई. ती बहुधा स्टिरॉइडची. चार दिवस आराम पडतो. पंधरा दिवसांनीं पुन्हा लंगडतो तेव्हां कोठें क्ष-किरण व रक्त. त्या रक्तांतील वाढलेला आंकडा अर्बुदाचा कीं सुईचा, हें मग नुसत्या आंकड्यावरून कोण सांगणार? हाडाचा, यकृताचा व स्टिरॉइडचा भाग निरनिराळा मोजण्याच्या पद्धति आहेत, पण त्या सर्वत्र उपलब्ध नसतात. सुईपूर्वीं रक्त घेणें हा उपाय स्वस्त आहे, आणि तो जिल्ह्याच्या गांवींही होतो.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे, व ती करवानीशीं थेट संबद्ध आहे. चांचणीच्या कागदावर आंकड्यासमोर योग्य प्रमाणाची जी मर्यादा छापलेली असते ती निरनिराळ्या जातींच्या कुत्र्यांवरून ठरविलेली असते. १९७१ सालीं पोर्टर व कॅनडे यांनीं ग्रेहाउंडांचें रक्त मिश्र जातीच्या कुत्र्यांशीं ताडून पाहिलें, तेव्हां ग्रेहाउंडाच्या रक्तांत तांबड्या पेशींचा भाग ठळकपणें अधिक निघाला. पुढील संशोधनांत त्याच्या श्वेतपेशी व प्लेटलेट इतर कुत्र्यांहून कमी, आणि मूत्रपिंडाची कसोटी जो क्रिएटिनिन तो अधिक, असेंही दिसून आलें. निरोगी ग्रेहाउंड सामान्य मापानें पाहिला तर रोगी ठरे, आणि कांहीं बाबतींत रोगी ग्रेहाउंड निरोगी ठरे. ज्या कुत्र्याच्या श्वेतपेशी जन्मतःच कमी, त्याच्या मोनोसाइटांची थोडी वाढ सामान्य मर्यादेच्या आंतच लपून राहील. आणि २०१० च्या निरीक्षणाचा सारा उपयोग तेथें वायां जाईल.

करवानी अंगलटीनें ग्रेहाउंडाचा भाऊबंद वाटतो. म्हणून ग्रेहाउंडाचें माप त्यास लावावें काय? तेंही नव्हे. खुद्द ग्रेहाउंडाचीच गोष्ट पाहावी. शर्यतींतून निवृत्त झालेल्या ग्रेहाउंडांत हाडाच्या कर्करोगाचें प्रमाण फार मोठें आढळलें. परंतु प्रदर्शनासाठीं वेगळ्या राखलेल्या ग्रेहाउंडांच्या वंशांत तें पुष्कळच कमी आहे. दिसण्यांत दोघे एकच, पाय तितकेच लांब. फरक रक्तांत, म्हणजे वंशावळींत. शर्यतीच्या श्रमानें हाडांवर पडणाऱ्या ताणाचा कांहीं भाग यांत असेल, पण एवढ्यानें उलगडा होत नाहीं. मग शेंकडों वर्षें ज्वारीच्या भाकरीवर व उन्हातान्हांत वाढलेल्या, इंग्लंडच्या कुत्र्यांशीं शरीरसंबंध नसलेल्या वंशाचा धोका त्यांच्यावरून ठरविणें म्हणजे शेजाऱ्याच्या पत्रिकेवरून आपलें भविष्य पाहण्यासारखें आहे.

औषधांच्या बाबतींतही असाच सावधपणा शिकावा लागला. म्युरामिल ट्रायपेप्टाइड हें प्रतिकारशक्ति चेतविणारें औषध १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कुत्र्यांना गुणकारी ठरलें, आणि त्याच औषधास २००९ सालीं युरोपांत मुलांच्या ऑस्टिओसार्कोमासाठीं मान्यता मिळाली; अमेरिकेनें ती दिली नाहीं. उलट सिरोलिमस या औषधाविषयीं उंदरांवरून फार मोठ्या आशा होत्या. अमेरिकेंत ३२४ घरगुती कुत्र्यांवर त्याची रीतसर परीक्षा झाली, आणि २०२१ सालीं निकाल लागला कीं नेहमींच्या उपचारावर त्याची भर घालून कांहीं लाभ होत नाहीं. तीनशें घरांनीं आपले कुत्रे या परीक्षेस दिले नसते तर हेंच उत्तर कदाचित् मुलांवरून मिळवावें लागलें असतें.

लातूर जिल्ह्यांत उदगीर येथें पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, शेजारीं परभणीस दुसरें. दोन्ही २००० सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाच्या छत्राखालीं आहेत. जानवळ उदगीराहून एका दिवसांत जाऊन येण्याच्या अंतरावर. एखाद्या जातीचें स्वतःचें रक्तमाप बसवावयाचें तर निदान १२० निरोगी प्राणी असावेत असा प्रयोगशाळांचा संकेत आहे. त्यांचें वय, नर कीं मादी, उपाशीं होता कीं नाहीं, गेल्या महिन्यांत कोणतें औषध पोटांत वा अंगांत गेलें, हें टिपावें लागतें. वर्षाच्या आंतील पिल्लें वेगळीं ठेवावीं लागतात, कारण त्यांचीं हाडें अद्याप वाढत असतात. इतकीं करवानी कुत्रीं मिळवावयाचीं तर तीं याच मुलुखांत मिळतील. आणि येथें एक वस्तु अशी आहे कीं जी अमेरिकेच्या प्रयोगशाळेंत पैसा टाकूनही मिळणार नाहीं. पिढीजाद पैदास करणाऱ्या माणसाच्या डोक्यांत कुत्र्याच्या चार-पांच पिढ्या मुखोद्गत असतात: आई कोणत्या आखाड्यावरची, बाप कोणाच्या घरचा, आजी कशानें गेली, कोणत्या वेताचें पिल्लू तिसऱ्या वर्षीं लंगडूं लागलें. रक्ताच्या नळीवर चिकटावयाच्या कागदावर कुत्र्याच्या नांवाखालीं त्याच्या आईबापांचीं नांवें लिहिण्यापुरती दोन ओळींची जागा ठेवली, तर ही तोंडी वंशावळ त्या नळीबरोबरच प्रयोगशाळेंत पोंचते.